फ्रिजचा लपंडाव आणि बाबांची साखर

वाचकहो, आरोग्याच्या पाक्षिकात फ्रिजच्या दुरुस्तीची कथा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. दोन वर्षांपूर्वी मलाही तो आला असता. घरात वयस्कर माणूस असेल, त्याचे औषध फ्रिजमध्ये राहत असेल, तर तो फ्रिज हा औषधाच्या पेटीचाच एक भाग असतो, हे आम्हाला एका रात्री कळले. ते कळायला नको होते तितके महाग पडले असते. थोडक्यात निभावले, म्हणून हे लिहिते आहे.

माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा, तेव्हा ८१ वर्षांचे होते. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षे नोकरी केलेला, शिस्तीचा माणूस. मधुमेह २० वर्षांचा जुना. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन, म्हणजे हलवून दुधासारखे करून घ्यावे लागणारे, घेत असत. उपाशीपोटीची साखर १२० ते १४० च्या आसपास राही. डॉक्टर समाधानी होते आणि आम्हीही.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस ती साखर वाढू लागली. प्रथम १७०, मग २००, एके दिवशी २३८. एप्रिल उजाडला होता, बाजारात हापूस आला होता, आणि आमच्या घरात संशयाची सुई तत्काळ आंब्याकडे वळली. सासूबाईंनी आंब्याची पेटी माळ्यावर ठेवली. मी डब्यातली बिस्किटे मोजू लागले. बाबा एकदाच म्हणाले, “अगं, मी एक फोड खाल्ली, तीही तुमच्यासमोर.” त्यांचे आम्ही ऐकून घेतले, विश्वास मात्र ठेवला नाही. पुढे ते जेवताना बोलेनासे झाले. हे मला आज सर्वांत जास्त लागते.

डॉक्टरांनी वही पाहिली आणि साहजिकच डोस वाढवला. संध्याकाळचे २० युनिट होते, ते टप्प्याटप्प्याने २६ वर गेले. साखर थोडी खाली आली, पण जागेवर आली नाही.

याच दिवसांत आमचा फ्रिजही लहरी झाला होता. दोन दारांचा, आत बर्फ न साठणारा म्हणून घेतलेला. काही दिवस तो उत्तम चाले आणि मग हळूहळू खालच्या कप्प्यातले दूध फाटू लागे, कोथिंबीर मलूल होई. वरच्या फ्रीझरमध्ये मात्र बर्फ ठणठणीत. एका मेकॅनिकने येऊन “ताई, गॅस गेलाय” असे सांगितले, फ्रिज दोन दिवस दुकानात नेला आणि गॅस भरून आणला. चार दिवस थंडी परतली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. सासूबाईंनी आतले गोल बटण फिरवून शेवटच्या आकड्यावर नेले. त्यांचे काही चुकले असे तेव्हा कुणालाच वाटले नाही. थंडी कमी वाटली की बटण पुढे करायचे, हे सर्व घरांत चालते.

इन्सुलिनच्या शिल्लक बाटल्या त्याच फ्रिजमध्ये, वरच्या जाळीवर अगदी मागे, ‘सर्वांत गार’ म्हणून ठेवलेल्या असत.

ती रात्र

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात घरातल्या बाटल्या संपल्या. औषधाच्या दुकानातून नवी आणली आणि त्याच संध्याकाळी तिच्यातून २६ युनिट दिले. पहाटे तीनच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली. बाबांचा सदरा घामाने चिंब झाला होता, हात थरथरत होते आणि ते असंबद्ध बोलत होते. साखर तपासली, ५२ निघाली.

ते शुद्धीवर होते आणि त्यांना गिळता येत होते. पाण्यात तीन चहाचे चमचे साखर विरघळवून त्यांना पाजली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासले. ८१. मग अर्धी पोळी आणि दूध दिले. रुग्ण बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे, हे येथे आवर्जून सांगते.

सकाळी डॉक्टरांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, “जुनी बाटली फेकली नसेल तर घेऊन या.” सुदैवाने ती टोपलीत होती. त्यांनी ती दोन्ही तळव्यांत धरून हलकेच फिरवली आणि उजेडात धरली. दुधासारखे एकजीव होण्याऐवजी आत पांढरे कण तरंगत होते आणि काही काचेला चिकटले होते. “आजी, ही कुठे ठेवली होती?” त्यांनी सासूबाईंना विचारले. मग म्हणाले, “हे इन्सुलिन गोठून पुन्हा वितळलेले दिसते. आजोबांनी आंबा खाल्ला नव्हता. आपण त्यांना अर्धमेले औषध देत होतो आणि त्या औषधाच्या हिशेबाने डोस वाढवत होतो. काल नवे, पूर्ण ताकदीचे औषध त्या वाढीव डोसने गेले.”

घरी परतताना रिक्षात कुणी बोलले नाही. घरी आल्यावर सासूबाईंनी माळ्यावरची पेटी खाली काढली.

वही काय सांगते

फ्रिज बदलावा असा माझा आग्रह होता. बाबांनी तो मोडून काढला. “रोग कळल्याशिवाय औषध नको. नव्या फ्रिजलाही बटण असणारच,” ते म्हणाले. धरणाच्या पाण्याची पातळी रोज ठरावीक वेळी लिहिण्यात त्यांची उमेद गेली होती. त्यांनी जुनी वही काढली, रेघा मारल्या आणि फ्रिजची पातळी लिहायला घेतली. तोवर नव्या बाटल्या शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि चालू बाटली माठाजवळच्या गारव्यात.

साधन साधे होते. फ्रिजसाठीचा छोटा थर्मामीटर स्वस्तात मिळतो. तापाचा थर्मामीटर येथे चालत नाही, कारण त्याचा आकडाच ३५ अंशांच्या आसपास सुरू होतो. आतल्या हवेचे तापमान दार उघडताच बदलते, म्हणून थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात ठेवावा. एक पेला मधल्या फळीवर, दुसरा बाटल्या ठेवत त्या जागी. सकाळी दार प्रथम उघडताच आकडा वाचायचा, तसाच रात्री. शेजारी एक रकाना: वीज गेली का, बटण कोणत्या आकड्यावर, आज फ्रिजचे काय केले.

दोन आठवड्यांत चित्र उभे राहिले. शुक्रवारी सकाळी मधल्या पेल्यात २ अंश आणि मागच्या पेल्यावर बर्फाची पातळ साय. रविवारी ४, सोमवारी ७, मंगळवारी १०, बुधवारी १३. पुढच्या शुक्रवारी पुन्हा २.

या वेळी दुसरा, वयाने मोठा कारागीर आला. त्याने फ्रिजला हात लावण्याआधी वही वाचली आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुवारी काय करता?” उत्तर सासूबाईंनी दिले. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीच्या कामासाठी दिवसभर वीज बंद असे. ‘नाहीतरी वीज नाही’ म्हणून त्या सगळे बाहेर काढून, दोन्ही दारे उघडी ठेवून फ्रिज पुसून घेत.

त्याने फ्रीझरच्या आतली मागची पत्र्याची पाटी काढली. मागे थंडी तयार करणारी कॉइल बर्फाच्या पांढऱ्या विटेत गडप झाली होती.

घडत होते ते असे. अशा फ्रिजमध्ये थंडी वरच तयार होते आणि एक छोटा पंखा ती थंड हवा जाळीतून खाली पाठवतो. हवेतील बाष्प कॉइलवर गोठते, म्हणून ठरावीक वेळाने एक हीटर तो बर्फ वितळवतो. आमचा हीटर जळाला होता. बर्फ दिवसेंदिवस वाढे, हवेची वाट बंद होई, वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट राही. गुरुवारी दारे उघडी राहत, बर्फ वितळे, वाट मोकळी होई. पण बटण शेवटच्या आकड्यावर! मग रात्री वीज येताच थंड हवेचा झोत जाळीतून जोरात येई आणि जाळीसमोरच्या इन्सुलिनच्या बाटल्या गोठत. म्हणजे त्याच बाटल्या आठवड्यातून एकदा गोठत आणि एकदा कोमट होत होत्या. गॅस भरल्यावर चार दिवस बरे गेले तेही याचमुळे. दुकानात फ्रिज दोन दिवस बंद पडून राहिला, तेवढ्यात बर्फ वितळला होता.

हीटर आणि त्याचा फ्यूज बदलला. खर्च गॅसच्या निम्म्याहून कमी आला.

अधूनमधून बिघडणारा फ्रिज: काय पाहावे

पूर्ण बंद पडलेला फ्रिज धोक्याचा नसतो, कारण तो लगेच कळतो. धोका आहे तो कधी चालणाऱ्या, कधी न चालणाऱ्या फ्रिजचा. त्याच्या खुणा अशा:

वर गार, खाली कोमट असेल तर हवेची वाट अडली आहे. प्रथम जाळीसमोरचे डबे हलवा. फरक न पडल्यास कॉइलवर बर्फ साठला आहे किंवा पंखा थांबला आहे. खात्रीसाठी सामान हलवून, प्लग काढून फ्रिज दारे उघडी ठेवून एक दिवस बंद ठेवावा. नंतर काही दिवस तो उत्तम चालून पुन्हा बिघडला, तर बर्फ वितळवण्याच्या व्यवस्थेत दोष आहे, असे कारागिराला सांगावे.

वर-खाली दोन्हीकडे कोमट आणि मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करून थांबतो आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी दाब कमी होणाऱ्या भागात हे पुष्कळदा दिसते. त्या वेळी दिवे मंद होतात का ते पाहा. दाबाचाच दोष असेल, तर वीज परतल्यावर काही मिनिटे थांबून मगच फ्रिज सुरू करणारा स्टॅबिलायझर उपयोगी पडतो. दिवे ठीक असतील, तर कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले तपासून घ्यावा.

कॉम्प्रेसर अखंड चालतो, फ्रिजच्या बाजू कढत लागतात, तरी थंडी अपुरी, असे असल्यास मागची धूळ आणि भिंतीपासूनचे अंतर पाहा. उष्णता बाहेर पडायला मोकळी जागा लागते. फ्रिजवर कापड टाकून त्यावर डबे रचण्याची आपली सवयही येथे नडते.

दाराचे रबर तपासायला कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे आणि ओढावा. तो सहज निसटला तर रबर सैल आहे. कोमट पाणी आणि साबणाने रबर पुसल्यावर पुष्कळदा ते पुन्हा चिकटते.

‘गॅस गेला’ हे उत्तर शेवटी ऐकावे. फ्रिजमधला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. शिवाय गळतीने थंडी उत्तरोत्तर कमी होत जाते; ती चार दिवस जाऊन आपोआप परत येत नाही.

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये बर्फ आपणच वितळवायचा असतो. थर बोटाच्या अर्ध्या जाडीचा होण्याआधीच ते करावे. सुरीने किंवा पळीने बर्फ कधीही खरवडू नये. नळी फुटली की दुरुस्ती मोठी होते. नव्या अनेक फ्रिजमधील गॅस ज्वलनशील असतो, हेही लक्षात ठेवावे.

आणि वडीलधाऱ्यांना विनंती, फ्रिज एकट्याने ओढू नये. फरशीवर पाणी असेल तर प्लगला हात लावू नये. या कामाला घरातले दुसरे माणूस येईपर्यंत वाट पाहिल्याने काही बिघडत नाही.

औषध आणि अन्न

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावे. जागा मधल्या फळीवर, पुढच्या बाजूस, झाकणाच्या डब्यात. फ्रीझरमध्ये, जाळीसमोर किंवा मागच्या भिंतीला टेकवून कधीही नको. गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वापरू नये. दुधासारख्या इन्सुलिनमध्ये कण दिसू शकतात, पण पाण्यासारखे स्वच्छ इन्सुलिन बिघडूनही स्वच्छच दिसू शकते. म्हणून शंका आली तर बाटली बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारावे. चालू बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत २५ ते ३० अंशांच्या आत, सुमारे चार आठवडे फ्रिजबाहेर चालते. आपल्या औषधाची नेमकी मुदत सोबतच्या कागदावर असते. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्याचा गारवा कामी येतो. कोकणातील दमट हवेत पाणी कमी उडते, म्हणून तो तितका मिळत नाही. काचबिंदूचे काही थेंब आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही इंजेक्शनेही गारव्यात ठेवायची असतात. औषध घेतानाच दुकानदाराला ते विचारून घ्यावे.

अन्नासाठी फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. वीज गेली आणि दार बंद राहिले, तर खालचा कप्पा सुमारे चार तास साथ देतो. पुढे दूध, वरण, भाजी, शिजवलेला भात यांचा मोह सोडावा. भातातील काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही, आणि त्याचा वास येईलच असे नाही. वयाबरोबर वास आणि चव दोन्ही मंदावतात, म्हणून ‘वास घेऊन पाहिला, चांगले आहे’ ही परीक्षा सत्तरीनंतर पुरेशी नाही. अन्न टाकवत नाही ही आपल्या पिढ्यांची चांगली सवय आहे. ती जपायची तर थोडे कमी शिजवावे, उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी संपवावे.

गावाला जाणार असाल तर एक युक्ती. वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्ये ठेवून जावे. परतल्यावर नाणे वरच असेल तर ठीक. ते तळाशी गेले असेल तर मधल्या काळात बर्फ वितळला होता, आणि आतले अन्न व औषध दोन्ही संशयास्पद आहेत.

शेवटी

साखर किंवा रक्तदाब अचानक बदलला की आपण प्रथम रुग्णाच्या ताटाकडे पाहतो. ताट पाहावे, पण त्याच वेळी औषध कुठे राहते तेही पाहावे. डॉक्टर विचारतील तेव्हा आहाराच्या वहीबरोबर औषधाच्या जागेचा आकडाही सांगता यावा. डोस स्वतःहून वाढवू-घटवू नये. डोस वाढला असताना नवी बाटली सुरू करायची असेल आणि जुनीबद्दल थोडीही शंका असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावे, आणि ते सांगतील त्याप्रमाणे त्या रात्री साखर एकदा जास्त तपासावी.

आमच्या घरी डोस पुन्हा २० वर आला. साखर मे महिन्यात १३० च्या आसपास स्थिरावली. फ्रिजचे गोल बटण आता मधल्या आकड्यावर आहे आणि त्याला हात लावण्याचा अधिकार फक्त बाबांना. वही अजून चालू आहे. रोज सकाळी चहाआधी ते चष्मा लावून आकडा लिहितात.

त्या मे महिन्यात एका दुपारी मी आंब्याची एक फोड बशीत घालून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटले, “बाबा, चुकलं आमचं.” त्यांनी फोड अर्धी केली, अर्धी मला दिली आणि म्हणाले, “असू दे. आकडा लिहिलेला नव्हता ना, तुम्ही तरी काय करणार!”